सही खोटी, भांडं खरं

साळवेबाई आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आल्या, तेव्हा चहा संपल्यावर त्यांनी रिकामा कप उलटा करून त्याचं बूड पाहिलं. माझ्या बायकोचा चेहरा उतरला. तिला वाटलं, कप नीट विसळला गेला नाही. बाईंनी कप शांतपणे बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "लग्नातला सेट का?"

"हो, मामांनी दिलेला."

"किती उरलेत?"

"चार."

"पुष्कळ झाले," असं म्हणून बाई आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्याबद्दल बोलायला लागल्या.

हे त्या सगळीकडे करायच्या. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा ग्लास, चर्चमधल्या सणाच्या जेवणात चिनी मातीचा वाडगा, कुणाच्या शोकेसमधली बाहुली, जे हाताला लागेल ते उलटं व्हायचं. एकदा मी म्हटलं, "बाई, लोक काय म्हणतील?" तर म्हणाल्या, "दिलीप, तोंड सगळेच सजवतात रे. बूड कुणी सजवत नाही. म्हणून आधी तिकडं बघायचं."

अहमदनगरच्या कापडबाजारातून आत एक बोळ जातो. त्या बोळात माझा फोटो स्टुडिओ आणि त्याला लागून बाईंचं चष्म्याचं दुकान. मधली भिंत एकच. पलीकडं बाई भिंगं घासायला बसल्या की माझ्या काउंटरवरची स्केचपेनं थरथरायची. पुढं भिंगं तयार येऊ लागली, थरथर थांबली, पण घासायचं चाक बाईंनी काढलं नाही. माझ्याकडं फोटो धुवायचं काम संपलं तरी मी डार्करूम मोडली नव्हती, तसंच ते.

चष्म्याचा धंदा त्यांच्या वडिलांचा. ते मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात नोकरीला होते, तिथं भिंग घासायला शिकले आणि मग त्यांनी हे दुकान टाकलं. भिंगारच्या लष्करी कॅम्पातून गोरे साहेब लोक निघून गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघायचं. खुर्च्या-टेबलं व्यापारी न्यायचे. वडील काचेची भांडी आणायचे. एक दिवा, एक अत्तराची कुपी, एक फुलदाणी. त्यामुळे आमच्या बोळात असं एकच दुकान होतं, जिथं एका कपाटात चष्म्याच्या फ्रेमी आणि समोरच्या कपाटात शंभर वर्षांपूर्वीची परदेशी काच. नवा चष्मा लावलेल्या गिऱ्हाइकाला बाई अक्षरांचा तक्ता दाखवायच्याच, पण त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास नसायचा. "ती हिरवी फुलदाणी दिसते? वेलीला पानं किती ते सांगा," असं विचारायच्या. पानं बरोबर मोजली तर चष्मा बरोबर.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या. बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जाते, त्या आवाजात. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. रविवारी दुकान बंद, नाताळात आम्हाला करंज्यांचा डबा, आणि वर्षभर तोंडात कुठल्यातरी उपासनागीताची चाल. भांडं चांगलं निघालं की ही चाल आपोआप सुरू व्हायची. बोलणं थांबायचं आणि गुणगुणणं लागायचं.

त्यांच्या या काचेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या काही कारागिरांनी काचेवर मोठी कला केली. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचा थर चढवायचा आणि तो ॲसिडनं खाऊन त्यातून पानं, फुलं, तळ्यावरचे चतुर असं काहीतरी मागं ठेवायचं. चित्रकार चित्रावर करतो तशी मग भांड्यावर सही. सही असली की आज अशा भांड्याची किंमत चढते. म्हणून जिथं सही नव्हती, तिथं ती मागाहून करणारेही पुष्कळ निघाले. खरी सही कोणती आणि मागाहून ओढलेली कोणती, हे ओळखण्यात बाईंचा हात धरणारं आमच्या बाजूला कुणी नव्हतं. पुण्या-मुंबईचे शौकीन त्यांना मोबाईलवर फोटो पाठवायचे. बाई फोटोवर कधीच निकाल द्यायच्या नाहीत. "भांडं आणा, नाहीतर राहू द्या," एवढंच उत्तर.

ही विद्या त्या फसून शिकल्या होत्या, आणि ते सांगताना त्यांना अजिबात कमीपणा वाटायचा नाही. तरुणपणी पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांना एक फुलदाणी मिळाली. केशरी अंगावर तपकिरी झाडं, खाली एका मोठ्या फ्रेंच कारागिराची सही. बाईंनी हातातल्या बांगड्या ठेवून ती घेतली. वर्षभर दुकानाच्या दर्शनी काचेत मिरवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवली. मग एक दिवस ती पुसताना, चष्मा पुसतात तसा त्यांनी तिच्यावर तोंडानं वाफारा सोडला आणि वाफ सगळीकडं सारखी बसली नाही. सहीच्या पुढं बोटाच्या पेराएवढी एक जागा वेगळी दिसली. बोट फिरवलं तर तिथं बारीकसा खोलगटपणा लागला.

"भिंग घासणारीच्या बोटाला ते कळलंच पाहिजे होतं," बाई सांगायच्या. "पण सही बघून मी इतकी हरखले होते की पुढं बोट नेलंच नाही."

पुढं चौकशी करता कळलं की युरोपात एके ठिकाणी आजही या जुन्या पद्धतीची भांडी बनतात. बनवणारे प्रामाणिक. ते त्या जुन्या कारागिराचं नाव घालतात आणि पुढं त्यांच्या स्वतःच्या भाषेत 'च्या पद्धतीचं' अशा अर्थाची तीन अक्षरं घालतात. मधल्या कुणीतरी ती तीन अक्षरं घासून काढली होती.

"म्हणजे बघ, नाव तसंच ठेवलं, 'सारखं' तेवढं पुसलं!" हे सांगताना बाई खुर्चीत मागं रेलून हसायच्या. ती केशरी फुलदाणी त्यांनी विकली नाही, फेकलीही नाही. कपाटात मधल्या फळीवर ठेवली. तिचं नाव 'गुरुजी'. नवं भांडं पाहायला घेण्याआधी त्या कधीकधी उठून गुरुजींच्या त्या खोलगट जागेवरून बोट फिरवून यायच्या.

त्यांची पाहायची रीत ठरलेली होती. सही सगळ्यात शेवटी. आधी भांडं नुसतं हातात धरून वजनाचा अंदाज. मग उलटं करून बुडाची झीज. शंभर वर्षं टेबलावर, फळीवर सरकलेल्या भांड्याच्या बुडाला चहूबाजूंनी बारीक ओरखडे असतात. कुणी कागदानं घासून म्हातारं केलेलं असेल तर ओरखडे एकाच दिशेनं जातात. मग वाफारा. मग कापसाचा एक पुंजका घेऊन सहीवरून हळूच ओढायचा. जुन्या रेघेच्या कडा झिजून गेलेल्या असतात, तिथून कापूस सरळ जातो. ताजी रेघ त्याचे तंतू धरून ठेवते. आणि शेवटी माझं काम. माझा जवळून फोटो काढायचा कॅमेरा घेऊन मी जायचो आणि सहीचा फोटो कॉम्प्युटरवर हातभर मोठा करून दाखवायचो. सहीची रेघ बुडाच्या जुन्या ओरखड्यांच्या वरून गेलीय की खालून, ते त्यात कळायचं. ओरखड्यांच्या वरून गेली असेल तर सही नंतरची. यात माझी अक्कल काही नाही. मी फक्त लाइट धरायचो.

निकाल मात्र त्या एका विशिष्ट शब्दांत द्यायच्या. 'हे खोटं आहे' असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. "सही खोटी आहे, भांडं खरं आहे," असं म्हणायच्या. "भांड्यानं कुठं काय सांगितलंय? जे सांगितलंय ते सही करणाऱ्यानं." बहुतेक वेळा ते खरंही असायचं. कुण्या बिननावाच्या कारागिरानं मन लावून केलेलं भांडं, आणि त्याच्या बुडाला कुणीतरी दुसऱ्याचं नाव चिकटवलेलं.

एकदा पुण्याहून एक निवृत्त जोडपं आख्खी गाडी भरून भांडी घेऊन आलं. नवऱ्यानं आयुष्यभर जमवलेली. बाईंनी दोन दिवस घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एकेक भांडं टेबलावर डावीकडं-उजवीकडं ठेवायला सुरुवात केली. उजवीकडं तीन राहिली, बाकी सगळी डावीकडं गेली. डावीकडची म्हणजे खोट्या सहीची. ते गृहस्थ चष्मा काढून डोळे चोळत बसले. बाईंनी उगाच एका फ्रेमचा स्क्रू आवळायला घेतला. तेवढ्यात गृहस्थांची बायको म्हणाली, "अहो, म्हणजे आता यांच्यात फुलं ठेवता येतील?"

गृहस्थांनी तिच्याकडं पाहिलं.

"इतकी वर्षं घरात पन्नास फुलदाण्या आणि शेवंती मी प्लॅस्टिकच्या तांब्यात ठेवतेय," ती बाईंना म्हणाली. "हात लावू देत नव्हते हो!"

आधी बाई हसल्या, मग ते गृहस्थही हसले. जाताना त्यांनी गाडी चितळे रोडला थांबवून निशिगंध घेतला, असं त्यांनीच नंतर फोनवर सांगितलं.

पण साळवेबाई म्हटलं की मला आठवतो तो कर्जतकडच्या आजींचा दिवस.

त्या दुपारी एक तरुण आणि एक म्हातारी दुकानात आले. तरुणाच्या हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, लहान मूल धरावं तसं. नाव संतोष. कर्जत तालुक्यातल्या एका गावचा, घरची लिंबाची बाग. सोबत त्याची आजी, हौसाबाई, डोळे दाखवायला म्हणून आलेली. पुण्याच्या एका खरेदीदाराला त्यानं भांड्याचे फोटो पाठवले होते. साळवेबाईंनी हो म्हटलं तर घेतो, असं त्या माणसानं कळवलं होतं. लिंबं मार्केटला न्यायला संतोषला स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता, त्यासाठी ही विक्री.

"सही बी हाय बाई, खाली," संतोष म्हणाला. गोधडी सोडायच्या आधीच म्हणाला.

बाईंनी आधी आजींना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग भांडं घेतलं. वीतभर उंच फुलदाणी, फिकट पिवळ्या अंगावर गर्द द्राक्षाचा वेल. उन्हाकडं धरली तशी पानांतल्या शिरा दिसायला लागल्या. बाईंचं बोलणं थांबलं आणि गुणगुणणं सुरू झालं. मी भिंतीपलीकडून ते ऐकलं आणि काम टाकून बघायला गेलो.

त्यांनी फुलदाणी उलटी केली. बुडाची झीज बघितली, तेव्हाही गुणगुणणं चालूच होतं. मग सहीशी आल्या आणि गप्प झाल्या. कापसाचा पुंजका ओढला तर निम्मा कापूस तिथंच अडकून राहिला.

"दिलीप, कॅमेरा आण."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर सही मोठी केली तर ती रेघ नव्हतीच. ठिपक्याला ठिपका लावून काढलेली, रांगोळीसारखी पांढरी. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग वर गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यावर त्यांच्या आईचं नाव घातलेलं होतं. डबा त्यांनी पडद्याशेजारी धरला. डब्यावरची अक्षरं मराठी, फुलदाणीवरची इंग्रजी. पण प्रत्येक अक्षर सुरू होताना एक जाड ठिपका आणि सुटताना डावीकडं वळलेला एक छोटा बाक, हे दोन्हीकडं अगदी तेच.

"उस्मानभाईंना बोलावतोस का जरा?" बाई मला म्हणाल्या.

उस्मानभाई आमच्याच बोळाच्या तोंडाशी भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव घालायचं मशीन घेऊन बसायचे. नगरमधल्या अर्ध्या संसारांवर त्यांचं अक्षर. ते हात पुसत आले आणि फुलदाणी बघताच खूश झाले.

"अरे, हे इथं कसं आलं? माझंच काम आहे हे. ह्या पोरानं कागदावर अक्षरं लिहून आणली होती. काच म्हणून लई हळू मारलं बघा. तडकली असती तर?"

बिचारे शाबासकीची वाट बघत होते. बाईंनी ती दिली. "हात अजून स्थिर आहे तुमचा, उस्मानभाई."

संतोष खाली फरशीकडं बघत होता. आजींना काहीच उमगत नव्हतं. त्या एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होत्या.

"काय झालंय? त्यानं काय केलंय?"

बाईच म्हणाल्या, "आजी, तुमच्या नातवानं या भांड्यावर नाव घालून घेतलंय."

"मंग? भांड्याव नाव घालत्यातच की. कुनाचं घातलंय?"

संतोषनं ते फ्रेंच नाव कसंबसं वाचलं.

"ह्यो कोन?" आजींनी विचारलं. "आपल्यात तर असल्या नावाचा कुनी न्हाई."

उस्मानभाईंना हसू आलं, पण बाईंकडं बघून त्यांनी ते आवरलं. संतोष एकदम बोलायला लागला. "बाई, पुण्याच्या सायबांना सांगू नका. मोबाईलवर बघितलं, सहीवाल्याला लई भाव हाय म्हनून केलं. त्येनी पोलिसात दिलं तर? गावात त्वांड दाखवायला जागा न्हाई ऱ्हानार."

"सांगावं तर लागेल," बाई म्हणाल्या. "पण मी नाही. तू सांगशील. आत्ता, इथंच."

त्याला फोन लावायलाच बराच वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही. त्या आजींच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होत्या. लागला एकदाचा फोन.

"साहेब, त्या भांड्यावरची सही जुनी न्हाई. मी घालून घेतली. चुकलं माझं."

पलीकडचा आवाज इतका चढला की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. संतोषनं फोन कानापासून लांब धरला. बाईंनी तो हातात घेतला. "नमस्कार, साळवे बोलतेय. सही खोटी आहे, भांडं खरं आहे. मुलानं स्वतः सांगितलंय, हे लक्षात असू द्या." पलीकडून फोन बंद झाला.

मग आजींनी विचारलं, "पर त्ये इकायला काढलंच कशापाई?"

"घरात नुसतं पडूनच हाय की, आजी."

"पडून न्हाई. भितीतल्या देवळीत हाय, कोनाड्यात." आजी आता ताठ बसल्या होत्या. "माजं मामंजी कॅम्पात सायबाच्या बंगल्याव माळी हुते. गुलाब लई लावलं त्येंनी तिथं. मडम जायला निगाली तवा रडली म्हनं, आन ह्ये त्येंच्या हातात दिलं. कडब्याच्या गाडीत घालून आनलं, तरी सुदिक फुटलं न्हाई. मी लगीन हून आले तवाबी त्या देवळीतच हुतं. मोरपिसं ठिवलीत मी त्यात." त्या जरा थांबल्या. मग संतोषला म्हणाल्या, "नाव घालायचंच हुतं तर त्येंचं घालायचं. कुठल्या कोनाचं घातलंस?"

यावर बाई हसल्या. नेहमीसारखं मागं रेलून नाही. त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाल्या, "खरं बोललात, आजी. घालायचं का त्यांचं?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. जुन्या काचेवर नखाचा ओरखडा उठला तरी ज्यांचा जीव वरखाली व्हायचा, त्या बाई हे विचारत होत्या.

"ही आताची सही पुसून देता येईल का वो?" संतोषनं विचारलं.

"नको. पुसली की खड्डा पडतो. उद्या कुणी बघून म्हणेल, इथं काय लपवलंय? राहू दे ती. तिच्याखाली खरं नाव घाला. आणि आजचं साल घाला, म्हणजे हे कधी घातलं ते वाचणाऱ्याला कळेल. कुणाला फसवायचं नाही."

उस्मानभाई मशीन घेऊन आले. "नाव सांगा."

सासऱ्याचं नाव आजी कसं घेणार? त्यांनी नातवाकडं पाहिलं.

"धोंडिबा मारुती," संतोष म्हणाला. आवाज अगदी बारीक.

"मोठ्यानं सांग की," आजी म्हणाल्या. त्यानं मोठ्यानं सांगितलं.

नगरमधल्या निम्म्या भांड्यांवर नाव घातलेला तो माणूस, पण बाई शेजारी उभ्या आहेत म्हटल्यावर उस्मानभाईंच्या कपाळावर घाम आला. मशीनचा आवाज सुरू झाला तशी बाईंनी मान वळवली आणि बाहेर बोळाकडं बघत राहिल्या. शेवटपर्यंत वळून पाहिलं नाही.

ते गेल्यावर मी विचारलंच. "बाई, तुम्ही हे कसं होऊ दिलंत?"

"माझं भांडं आहे का ते?" त्या म्हणाल्या, आणि टेबलावरचा कापूस गोळा करायला लागल्या.

त्याच संध्याकाळी पुण्याचा तो माणूस शांत होऊन पुन्हा फोनवर आला. बिनसहीचं म्हणून घ्यायला तयार होता. संतोषनं आजीला विचारलं, आणि आजी नाही म्हणाल्या. टेम्पो त्यानं पुढं दोन वर्षांनी घेतला, लिंबांवरच. घेतल्यावर पहिल्यांदा नगरला आला तेव्हा बाईंच्या दुकानापुढं उभा करून हॉर्न वाजवत बसला. बोळ अर्धा तास बंद. बाईंनी आजींना जवळचं दिसायचा चष्मा करून दिला होता. त्या चष्म्यातून आजींनी फुलदाणीवरच्या वेलाची पानं मोजल्याचा निरोप संतोषनं आणला. दर हंगामात बाईंकडं लिंबाची गोणी येऊ लागली आणि पूर्ण बोळाला लोणचं मिळू लागलं. बाईंच्या लोणच्यात मीठ जरा जास्त असायचं. कुणी तसं म्हटलं की दुसऱ्या वर्षी त्याच्या घरी बरणी जायची नाही. एवढा एक राग त्यांना होता.

आणि एक भित्रेपणा होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जरा पडदा आलेला दिसला की बाई त्याला धरून दवाखान्यात पाठवायच्या. स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय हे त्यांना नक्की ठाऊक होतं, पण त्या पुढं ढकलत राहिल्या. "अजून पिकू दे," म्हणायच्या. "अहो, आता तसं पिकावं लागत नाही, तुम्हीच सगळ्यांना सांगता," मी म्हणायचो. त्यावर त्या फ्रेमचा स्क्रू आवळायला घ्यायच्या. शेवटी संगमनेरहून त्यांची भाची आली आणि तिनं त्यांना हाताला धरून नेलं. एक डोळा झाला. दुसरा दिवाळीनंतर करायचं ठरलं. तो व्हायचा राहिला. दिवाळीच्या आधीच, एका दुपारी जेवून आडव्या झाल्या असताना बाई गेल्या. कुणाला त्रास नाही, स्वतःला नाही.

पण मला त्या आठवतात त्या डोळ्याची पट्टी सुटल्यानंतरच्या सकाळी. बाजार अजून उघडायचा होता. मी शटर वर करायला आलो तर बाईंनी दुकानातलं बाकडं बाहेर आणून ठेवलं होतं आणि कपाटातली सगळी भांडी त्यावर ओळीनं मांडली होती. कोवळं ऊन बोळात तिरपं आलं होतं. भांड्यांतून आरपार जाऊन ते रस्त्यावर पडलं होतं, लाल, हिरवं, मधाच्या रंगाचं. दूधवाला सायकल हातात धरून, त्या रंगांवर चाक जाऊ नये म्हणून कडेकडेनं चालला होता.

"दिलीप, ही तपकिरी नाही रे, जांभळी आहे!" बाईंनी मला लांबूनच सांगितलं. "आणि हिच्यात निळा आहे. अरे, केवढा निळा! इतकी वर्षं कुठं होता हा?"

"तुम्हालाच दिसत नव्हता," मी म्हटलं.

"बघ की! आणि तुझा हा शर्ट?"

"निळाच आहे. पहिल्यापासून."

त्या माझ्या शर्टाकडं बघून मनापासून हसल्या. मग पुन्हा बाकड्याकडं वळल्या. एका हातानं जुना डोळा झाकून एक भांडं पाहायचं, मग नवा डोळा झाकून तेच भांडं पुन्हा पाहायचं. एकदा हा डोळा, एकदा तो. पुढचं भांडं. पुन्हा हा, पुन्हा तो. बोळातून शाळेला निघालेल्या दोन मुली थांबून बघायला लागल्या आणि मग त्यांनीही एकेक डोळा झाकला. बाईंनी त्यांना जागा करून दिली, आणि त्या तिघी तिथं उभ्या राहून, आळीपाळीनं एकेक डोळा मिटून, उन्हातल्या त्या काचेकडं बघत राहिल्या.